कादूच्या हातचं विरजण

"थांबा, आधी मोजू दे." हे वाक्य आमच्या घरात रोज ऐकू यायचं, आणि ते माझं असायचं.

मोजायचं ते जंतूंना. खडूएवढं यंत्र असतं, आता बहुतेक घरांत आहे. टोक टेकवायचं, अर्ध्या मिनिटात पडद्यावर यादी: कोणते जंतू, किती, आणि त्यांतले औषधाला दाद न देणारे किती. लोक आठवडाभर गंमत म्हणून वापरतात आणि मग ते थर्मामीटरशेजारी खणात पडून राहतं. माझं दिवसातून दोनदा चार्ज व्हायचं. कादू, म्हणजे आमची कादंबरी, जन्मली त्या आठवड्यात मी ते आणलं, आणि तेव्हापासून पालेभाजी, दाराची कडी, दुधाची किटली, नवऱ्याचे हात, सगळ्याच्या नोंदी माझ्या वहीत आहेत.

"लग्नाआधी पत्रिका बघितली तुझी," सासूबाई म्हणायच्या. "यंत्र लावून बघायला हवं होतं."

त्यांना मी आई म्हणते. मनीषा आरवाडे, मिरजेत पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे आवाज मागच्या बाकापर्यंत जातो. त्यांचं आणि माझं एरवी छान जमायचं. भांडण व्हायचं ते फक्त कादूवरून, म्हणजे रोज.

गेल्या संक्रांतीला भांडण बोरन्हाणावरून झालं. कादू तेव्हा साडेतेरा महिन्यांची. सोसायटीतली सतरा मुलं बोलावलेली. मी बोरं आधी मिठाच्या पाण्यात बुडवली, मग कोमट पाण्यात, मग पंख्याखाली वाळवली आणि एकेक मोजायला बसले.

"जुई, लोणचं घालायचंय का त्यांचं?" आई म्हणाल्या.

"खाली पडलेलं मुलं उचलून खाणार, आई."

"मग? बोरन्हाणात वर टांगून ठेवायची का बोरं?"

शेवटी व्हायचं तेच झालं. काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून कादू पाटावर बसली, आईंनी डोक्यावरून मापभर चुरमुरे, बोरं, उसाचे तुकडे ओतले, आणि सतरा मुलांनी अशी झडप घातली की मला माझी मुलगी दिसेना. दिसली तेव्हा शेजारच्या मगदूमकाकूंची चार वर्षांची नात स्वतःच्या तोंडातलं अर्धं बोर काढून कादूच्या तोंडात घालत होती. प्रेमाने, बी काढून. मी ओरडले. मगदूमकाकू म्हणाल्या, "अगं, तुला मूल वाढवायचंय की त्याचं ऑपरेशन करायचंय?" सगळ्या हसल्या. कादूही.

रात्री तिला आंघोळ घालून हात मोजले, तर यादीत एक नवं नाव होतं, त्यापुढे लिहिलेलं: ओळख पटली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभर साबण लावून झाला तरी पाहुणा हलेना. कादूला काही होत नव्हतं, म्हणून मी वहीत त्याच्याखाली लाल रेघ मारली आणि लक्ष ठेवून राहिले.

पुढचं सांगायला मला अजून जड जातं. फेब्रुवारीत एका सकाळी मी बाथरूमची फरशी जंतुनाशकाने घासली, जरा जास्तच ओतलं, आणि कादू रडली म्हणून पाणी न मारता बाहेर आले. आई आत गेल्या आणि घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं.

अँब्युलन्समध्ये वेदनेने चेहरा पांढरा पडलेला, तरी म्हणाल्या, "जंतू मेले का बघ गं. मी मात्र पडले." मी हसले आणि मग रडू आवरेना.

ऑपरेशन चांगलं झालं. तिसऱ्या दिवशी ताप आला, चौथ्या दिवशी धाप लागली, पाचव्या दिवशी त्या आयसीयूत व्हेंटिलेटरवर होत्या. फुप्फुसात जंतू. जंतू असा, की औषधांच्या तक्त्यात त्याच्यापुढे बावीस रकाने आणि बावीसही रकान्यांत फुली.

आयसीयूच्या दारात नातेवाइकांचे हात मोजून घेतात. कादू तेव्हा निहारच्या, माझ्या नवऱ्याच्या, कडेवर होती. ती आत जाणार नव्हती, तरी मी म्हटलं, "हिचेही मोजा ना." त्यांचं यंत्र माझ्यापेक्षा चांगलं होतं, संधी कशाला सोडा? सिस्टर शेंडगे, तिथल्या मुख्य परिचारिका, करड्या आवाजाच्या, त्यांनी कादूच्या तळहाताला यंत्र टेकवलं, पडद्याकडे बघितलं, पुन्हा टेकवलं, आणि तडक डॉक्टरांना बोलवायला गेल्या. त्या दोन मिनिटांत मी मनातल्या मनात किती आजार पार केले ते विचारू नका.

डॉ. मुजावर आले ते हसतच. "हिला विरजणाचे थेंब कधी दिलेत?"

"दिलेच नाहीत," मी म्हटलं. आरोग्य केंद्रात गेली दोन वर्षं लहान मुलांना ते थेंब देत होते. मी माहितीपत्रक तीनदा वाचलं होतं आणि ठरवलं होतं की आणखी पाच वर्षं इतरांच्या मुलांवर बघू, मग आपल्या. हे त्यांना सांगितलं नाही. म्हटलं, "राहून गेलं."

"मग हिच्याकडे हे आलं कुठून? आख्ख्या जिल्ह्यात एवढं जोमदार मी पाहिलेलं नाही. मुलांच्या घोळक्यात होती का कुठे?"

मी वही उघडली. लाल रेघ. चौदा जानेवारी, बोरन्हाण, मुलं सतरा.

डॉक्टरांनी वही हातात घेतली, दोन पानं मागे-पुढे उलटली आणि म्हणाले, "ताई, असे नातेवाईक आम्हाला रोज का मिळत नाहीत?" माझ्या वहीचं झालेलं ते पहिलं कौतुक.

मग त्यांनी आम्हा दोघांना खुर्च्यांवर बसवून समजावलं.

"जंतूच्या पोटात डीएनएचं एक छोटं कडं असतं. औषधाला कसं हरवायचं याची कृती त्या कड्यावर लिहिलेली असते. एक जंतू दुसऱ्याला चिकटला की कड्याची नक्कल त्याला देतो. तुमच्या सोसायटीत एकीची पाककृती आठवड्यात बारा घरी पोचते ना, तसं. आपण नवं औषध काढतो, ते कृती काढतात. त्या शर्यतीत आपण मागे पडलो. म्हणून विरजण. हा एक गरीब जंतू, कुणाला त्रास न देणारा. त्याच्याजवळही कडं आहे, पण त्यावर कात्रीची कृती आहे. तो वाईट जंतूला चिकटतो, त्याच रिवाजाने आपलं कडं देतो, आणि ती कात्री आत जाऊन नेमकं औषधाला हरवणारं कडं शोधून कापते. जंतू मरत नाही. त्याचं हत्यार जातं. मग आपलं चाळीस वर्षांपूर्वीचं साधं औषधही त्याला पुरतं."

"मग द्या ना आईला ते विरजण," निहार म्हणाला.

"प्रयोगशाळेतलं दोनदा दिलं. दोन दिवसांत नामशेष. काचेच्या बशीत आयतं खाऊन वाढलेलं ते. आयसीयूतले जंतू तालमीतले. हिच्या हातावरचं मात्र सतरा मुलांच्या लाळेतून, बोरांवरून, जमिनीवरून, तुमच्या साबणातून तावून निघालंय. हा पैलवान आहे."

आपण कशाच्या अभिमानाने ताठ बसलो आहोत हे लक्षात आल्यावर मी जरा सैल झाले.

"मग हिच्या हातांचा नमुना घ्या. कितीही घ्या," मी म्हटलं.

घेतला. तासाभरात आईंना दिला. संध्याकाळपर्यंत आईंच्या फुप्फुसातल्या जंतूंची कडी कापली जात होती. सकाळी पुन्हा बावीस फुल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर हसत नव्हते. "जंतू फक्त त्यांच्यात नाही. खाटेच्या कठड्यावर आहे, पडद्यावर, मॉनिटरच्या बटणांवर, आमच्या बोटांवर. आईंना साफ केलं की तो खोलीतून परत येतो. विरजण आख्ख्या खोलीला लागलं पाहिजे. थोडंथोडं, पुन्हापुन्हा, आणि ओलं."

"ओलं म्हणजे?"

"लाळेसकट."

"सिस्टरांनी कापसाने लावलं तर?"

"कापसावर ते मरतं. जिवंत हातावरून जायला हवं." त्यांनी क्षणभर छताकडे बघितलं. "दिसेल त्या वस्तूला हात लावणारं, ती चाटणारं, दोन तास न थकणारं मोठं माणूस तुमच्या ओळखीत असेल तर सांगा. मी उद्याच नेमणूक करतो."

तेव्हा माझ्या लक्षात आलं ते काय मागत होते.

"सहाही खाटांच्या घरच्यांनी होकार दिलाय. तीन दिवस, रोज दोन तास. हिला धोका फार थोडा आहे, कारण विरजण हिच्याच अंगात आहे. पण अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. नाही म्हणालात तर मी पुन्हा विचारणार नाही."

"आणि नाही आणली तर आईंचं?"

"चार दिवस. कदाचित पाच."

बाहेरच्या बाकावर निहार कादूला मांडीवर घेऊन बसला होता. मी शेजारी बसले.

"बोल काहीतरी."

"तू म्हणशील ते."

"आई तुझी, मुलगी तुझी. तुला काही वाटत असेलच ना?"

"वाटतंय. पण मी म्हटलं आण, तर तू आणशील. आणि उद्या हिला साधी शिंक आली तरी मी स्वतःला माफ करणार नाही. मी म्हटलं नको, तर…" कादू त्याच्या शर्टाचं बटण चोखत होती. मी सवयीने ते पुसायला रुमाल काढला आणि तसाच हातात धरून बसले.

गाऊन चढवून मी आत गेले. आई जाग्या होत्या. घशात नळी, बोलता येत नव्हतं, पण सिस्टरांनी पाटी दिली होती. मला बघताच त्यांनी पेन मागितलं. अक्षर वाकडं आलं, पण शिक्षिकेचं अक्षर ते, वाचता आलं.

"मुजावर बोलले. कादूला आणायचं नाही."

मी वाचलं. त्यांनी पाटी ओढून घेतली आणि खाली लिहिलं, "इथे फार घाण आहे."

सव्वा वर्ष ही बाई मला म्हणत होती, काही होत नाही गं, आमची मुलं मातीत वाढली. आणि आता श्वास यंत्राचा, ताप एकशे तीन, आणि काळजी कोणाची तर कादूची. मला वाटायचं, या घरात काळजी करणारी मी एकटी. आईंची काळजी पण तेवढीच होती. त्यांनी ती फक्त आवाजाखाली दाबून ठेवली होती.

"आई," मी म्हटलं, "पहिल्यांदाच माझ्यासारखं बोललात. म्हणून आता मी तुमच्यासारखं बोलते. काही होत नाही."

त्यांनी डोळे मोठे केले. वर्गात गप्प करायला करतात तसे. पण आवाज नव्हता, त्यामुळे मी जिंकले.

सकाळी अकरा वाजता कादंबरी आरवाडे, वय साडेचौदा महिने, आयसीयूत रुजू झाली.

दारातून आत सोडली तशी ती पाच पावलं टाकून बसली, आणि समोरच्या खाटेचा कठडा धरून उभी राहिली. कठडा चाटला. शेजारून कोणीतरी दीर्घ श्वास घेतला. सिस्टर शेंडगे. बावीस वर्षं माणसांना हात धुवायला लावण्यात गेलेली ती बाई भिंतीला टेकून उभी होती आणि तिचा उजवा हात आपोआप जंतुनाशकाच्या बाटलीच्या जागेकडे जात होता. डॉक्टरांनी बाटल्या सकाळीच कपाटात कुलूपबंद केल्या होत्या.

"हात मागे बांधा सिस्टर," मी म्हटलं. "मी पण बांधलेत."

"मला बघवत नाही हो," त्या म्हणाल्या.

"मला कुठे बघवतंय?"

कादूने पडदा ओढला आणि त्यात तोंड पुसलं. तीन नंबरच्या खाटेवर एक निवृत्त कंडक्टर होते. त्यांच्या मॉनिटरचं बटण तिने पाच वेळा दाबलं, तेव्हा ते अशक्त आवाजात म्हणाले, "डबल बेल दिली, आता सुटते गाडी." पाच नंबरच्या बाईंच्या चादरीचं टोक तिने चोखलं. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपला लटकली. मधेच कंटाळली तेव्हा तिला कडेवर घेऊन आईंच्या खाटेपाशी नेलं. आईंनी डोळ्यांनीच मला रागावून घेतलं आणि मग कादूने त्यांचं बोट पकडून तोंडात घातलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. एक हात कादूकडे, दुसऱ्याला सलाईन, त्यामुळे पुसता येईना. मी पुसलं, हाताने.

दोन तासांनी यंत्र फिरवलं. सहांपैकी चार कठड्यांवर विरजण जिवंत होतं. आईंच्या नमुन्यात बावीस फुल्यांपैकी तीन गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी नऊ गेल्या. सिस्टर शेंडगे आता कादूच्या मागे रांगत होत्या, "इकडे राहिलं गं बाळा, हा ड्रॉवर राहिला" म्हणत.

त्या संध्याकाळी कादूचं अंग गरम लागलं.

शंभराला दोन पॉइंट कमी. मी तीन थर्मामीटर लावले. निहारने फोन हातात घेतला होता आणि नंबर लावत नव्हता, कारण त्याला माझा चेहरा दिसत होता. मी मनात एकच गोष्ट घोकत होते की मी तिला नेलं, माझ्या पायांनी, माझ्या कडेवर बसवून. आईंना मी पाडलं आणि हिलाही मीच.

शेवटी निहारने नंबर लावलाच, आणि डॉ. मुजावर घरी आले. चप्पल दारात काढून. कादूचं नाक, कान, छाती बघितली, हात मोजले, रक्ताचा थेंब मोजला. मग तिच्या तोंडात बोट घातलं आणि ओरडले, "आई गं!"

"काय झालं?"

"चावली. डावीकडची दाढ येतेय. आत्ता माझ्या बोटात आली." ते बोट झटकत खुर्चीत बसले. "बाकी स्वच्छ आहे. उद्याचं तुम्ही ठरवा. दाढेचा ताप असलेल्या मुलीला घरी ठेवलंत तर मी काही म्हणणार नाही."

सकाळी ताप उतरला होता. मी वही घेऊन बसले, दोन दिवसांच्या नोंदी पुन्हा वाचल्या, कादूचे हात मोजले. आमच्याकडे आलेला एकही नवा पाहुणा नाही. वही मिटली, तिला झबलं चढवलं आणि निघाले. निहारने गाडी काढली.

दाढ येत असल्यामुळे तिसऱ्या दिवशी लाळ दुप्पट होती. डॉक्टर म्हणाले, असा योग मागून मिळत नाही.

रात्री बावीसच्या बावीस फुल्या गेल्या. खोलीतल्या सगळ्या कठड्यांवर, बटणांवर, सिस्टरांच्या बोटांवर विरजण लागलं होतं. आईंना आजोबांच्या काळातलं औषध सुरू झालं. दुसऱ्या दिवशी ताप एकशे एक. तिसऱ्या दिवशी नव्याण्णव. कंडक्टरकाका त्या दिवशी उठून बसले आणि त्यांनी विचारलं, बाळाची ड्युटी संपली का?

पाचव्या दिवशी सकाळी आईंची नळी काढली. डॉक्टर म्हणाले, सगळे या, पण गर्दी करू नका. मी कादूला घेऊन खाटेच्या डाव्या बाजूला, निहार उजव्या बाजूला. आईंनी दोन-तीनदा घसा साफ केला. घोगरा, फाटका आवाज. दहा दिवसांनी पहिलं वाक्य. आम्ही वाकून ऐकत होतो.

"हिचे कान उघडे आहेत."

"काय आई?" निहारला कळलं नाही.

"कान. केवढा गारठा आहे इथे. टोपडं कुठंय हिचं?"

"असू दे आई," मी म्हटलं. "थोडी हवा लागू दे कानांना."

"थोडी हवा? कान दुखला म्हणजे?"

"काही होत नाही."

"हे तू म्हणतेस? तू?" आवाज वाढला. फाटला, तरी दारापर्यंत गेला. "निहार, हिला काय झालंय? हिचं काहीतरी मोजून बघा रे!"

"आई, तुम्हीच म्हणायचात ना, मुलं मातीत वाढतात…"

"मातीत वाढतात, बर्फात नाही!"

पाच नंबरच्या बाई कूस बदलून नीट ऐकायला लागल्या. कंडक्टरकाकांनी हात वर करून कोणाची बाजू घ्यावी याचा विचार केला आणि खाली घेतला. तेवढ्यात सिस्टर शेंडगे तक्ता हातात घेऊन आल्या.

"हे काय चाललंय? आयसीयू आहे हा! एवढं भांडायचं असेल तर जनरल वॉर्डात जा."

मी थांबले. आईही थांबल्या.

"सिस्टर," मी विचारलं, "म्हणजे हलवताय का त्यांना?"

सिस्टरांनी तक्त्यावर सही केली. "बारा वाजता," त्या म्हणाल्या. "आणि जाताना त्या बाळाला टोपडं घाला."